लिस्बनला पहिल्यांदा निघताय? एकच शहर, सहा दिवस आणि त्याची नीट आखणी

युरोपचा पहिला बेत आखताना आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बारा दिवसांत सात देश असंच काहीतरी असतं. माझा सल्ला अगदी उलटा आहे. एक शहर निवडा, एकाच ठिकाणी मुक्काम ठेवा आणि ते शहर पायी बघा. रोज बॅगा भरायच्या, बसमध्ये बसायचं आणि खिडकीतून राजवाडे मोजायचे, याने थकवा पदरात पडतो. शहर मात्र हाती लागत नाही.

पहिलं शहर म्हणून मी बिनदिक्कत लिस्बन सुचवेन. पोर्तुगालची ही राजधानी पश्चिम युरोपातल्या बऱ्याच राजधान्यांपेक्षा स्वस्त आहे, हवा सौम्य आहे, विमानतळ शहराला खेटून आहे आणि माणसं मदतीला तत्पर आहेत. शिवाय कोकण, वसई, चौल, गोवा यांचा इतिहास ज्याला थोडाफार ठाऊक आहे त्याला तिथल्या दगडादगडांत ओळखीचं काही सापडतं. हे सगळं कसं जमवायचं ते क्रमाने सांगते.

१. आधी महिना ठरवा, मग वार

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हा उत्तम काळ. ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वस्त पडतं, पण पावसाची तयारी ठेवावी लागते. उत्सव बघायचा असेल तर जूनमध्ये जा. १२ जूनच्या रात्री संत अंतोनियोच्या सणासाठी अख्खं शहर रस्त्यावर येतं, गल्लोगल्ली कोळशावर सार्डिन मासे भाजले जातात आणि अवेनिदा दा लिबर्दाद या मोठ्या रस्त्यावरून वस्त्यावस्त्यांच्या मिरवणुका निघतात. मात्र त्या आठवड्यातलं हॉटेल काही महिने आधी धरावं लागतं.

वाराकडे तर फारसं कुणी बघतच नाही. सोमवारी लिस्बनमधली बरीच संग्रहालयं बंद असतात, जेरोनिमोस मठही. म्हणून मंगळवारी तिथे दुप्पट गर्दी लोटते. शक्य असेल तर रविवारी पोहोचा आणि पुढच्या रविवारी निघा. सहा पूर्ण दिवस मिळतात आणि खाली दिलेली आखणी जशीच्या तशी बसते.

२. व्हिसाचे कागद

पोर्तुगाल शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो जायलाच हवा. प्रत्यक्षात अडीच-तीन महिने आधी अपॉइंटमेंट घ्या. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर तारखा मिळणं मुश्किल होतं. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा, बोटांचे ठसे तिथेच घेतात. फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आणि त्याहून लहानांना माफ आहे. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

फाइलमध्ये हे हवं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी. जुने पासपोर्ट असतील तर तेही सोबत.
- भरलेला अर्ज आणि शेंगेन मापाचे अलीकडचे फोटो
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा, सगळ्या दिवसांचा
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल आरक्षण
- बँकेचा शिक्का मारलेलं गेल्या काही महिन्यांचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं
- नोकरदारांसाठी पगारपत्रकं आणि कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र. धंदा असेल तर गुमास्ता लायसन्स किंवा जीएसटी नोंदणी. निवृत्तांसाठी पेन्शनचे कागद.
- एक पानी पत्र: कोण जातंय, का, किती दिवस, खर्च कोण करतंय, परत का येणार
- मुलं सोबत असतील तर जन्मदाखला, आणि आई-वडिलांपैकी एकच जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र

सापळे तीन. पहिला, अर्ज देण्याच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम भरणं. अधिकाऱ्याची नजर तिथेच जाते. पैसे आधीपासून खात्यात फिरते असू द्या, किंवा आई-वडिलांचा खर्च मुलगा करणार असेल तर तसं पत्र लिहून त्याचे कागद जोडा. दुसरा, एजंटने काढून दिलेलं आणि दोन दिवसांत आपोआप रद्द होणारं हॉटेल बुकिंग. दूतावासाने तपासलं तर अर्ज फेटाळला जातो. विनाशुल्क रद्द करता येणारी खरी बुकिंग करा आणि व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करू नका. तिसरा, दोन देश करत असाल तर अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे जातो. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.

३. विमान

मुंबईहून दुबई किंवा इस्तंबूलमार्गे जाता येतं, तसंच फ्रँकफर्टसारख्या युरोपीय शहरातूनही. फरक इमिग्रेशनचा आहे. दुबईमार्गे गेलात तर शेंगेनचा शिक्का लिस्बनमध्ये. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर तो फ्रँकफर्टलाच, आणि पुढचं विमान देशांतर्गत असल्यासारखं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी यंत्रणा सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला वेळ लागतो. युरोपातल्या विमानतळावर विमान बदलायचं असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवा. तास-सव्वातासाची जोडणी स्वस्त दिसली तरी घेऊ नका.

४. राहायचं कुठे

लिस्बन टेकड्यांवर वसलंय. नकाशावर चारशे मीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात जिन्यांचे तीन टप्पे असू शकतात. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर बायशा या सपाट भागात किंवा अवेनिदा, मार्केश द पोंबाल या मेट्रो स्थानकांजवळ राहा. बजेट कमी असेल तर मेट्रोच्या हिरव्या मार्गावरचे अंजोश, अरोयोश हे भाग बघा, तिथे भारतीय किराणाही जवळ आहे. अल्फामा फोटोंत मोहक दिसतं, पण तिथल्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही आणि वीस किलोची बॅग दगडी पायऱ्यांवरून तुम्हालाच ओढावी लागते. बायरो आल्तोमध्ये पहाटेपर्यंत गलका असतो.

बुकिंग करताना दोन गोष्टी विचाराच: लिफ्ट आहे का, आणि शहराचा पर्यटन कर दरात धरलाय का. हा कर माणशी, प्रति रात्र ४ युरो आहे. १३ वर्षांखालच्यांना माफ, आणि सलग सात रात्रींपर्यंतच आकारतात. सगळे १३ वर्षांवरचे असतील तर चौघांच्या कुटुंबाला आठवड्याचे शंभर युरोहून जास्त होतात, म्हणून तो हिशेबात आधीच धरा.

५. घरून काय काय बुक करायचं

फक्त चार गोष्टी: लिस्बनजवळच्या सिंत्रा गावातला पेना राजवाडा (वेळेसह), जेरोनिमोस मठ, फादो या इथल्या पारंपरिक गाण्याची एक संध्याकाळ आणि हॉटेल, जे व्हिसासाठी सगळ्या रात्रींचं धरलेलंच असेल. बाकी सगळं तिथे गेल्यावर.

निघण्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक स्थळाची अधिकृत वेबसाइट उघडून बघा. लिस्बनमध्ये सध्या दुरुस्तीची कामं बरीच निघाली आहेत. बेलें भागातला मनोरा आणि गुल्बेंकियन संग्रहालयाची मुख्य इमारत, दोन्ही २०२५ मध्ये डागडुजीसाठी बंद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरियाच्या चढावरची केबलवर चालणारी रेल्वे कोसळून १६ जणांचा जीव गेला. त्यानंतर शहरातल्या तशा इतर गाड्याही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. जुन्या व्हिडिओंवर विसंबून दिवस आखू नका.

लिस्बोआ कार्ड २४, ४८ किंवा ७२ तासांचं मिळतं. त्यात मेट्रो, बस, ट्राम, सिंत्रा-कश्कायशची लोकल आणि बरीच प्रवेशशुल्कं येतात. सलग दोन-तीन दिवस संग्रहालयं बघणार असाल तरच ते परवडतं. नुसतं भटकायचं असेल तर नको.

६. सहा दिवस कसे लावायचे

सूत्र एकच: एका दिवसाला एक भाग.

सोमवार: बायशा आणि शियादो. नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सियो या भव्य चौकापासून सुरुवात करा. इथे पूर्वी राजवाडा होता आणि त्याच्याच आवारात ‘कासा दा इंदिया’, म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी. मलबारच्या मिऱ्याचा हिशेब इथे व्हायचा. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी भूकंप झाला. सणाचा दिवस, चर्चमध्ये मेणबत्त्या पेटलेल्या, त्यातून आगी लागल्या, वर नदीतून समुद्राची लाट आत आली. राजवाडा, कचेरी, कागदपत्रं सगळं गेलं. मार्केश द पोंबाल या मंत्र्याने हा भाग सरळ, काटकोनी रस्त्यांचा आखून नव्याने उभा केला आणि इमारतींच्या भिंतींत धक्का सोसणारे लाकडी सांगाडे घातले. हे माहीत असलं की बायशातून चालताना डोळ्यांना वेगळंच दिसतं.

तिथून वर कार्मोच्या मठात जा. भूकंपात त्याचं छत पडलं ते पुन्हा घातलंच नाही, नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत. बाहेरचा छोटा चौकही महत्त्वाचा. २५ एप्रिल १९७४ ला इथल्याच बराकीत हुकूमशाही सरकारचा पंतप्रधान कायतानो शरण आला आणि सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली. सांता जुश्ता लिफ्टसाठी तासभर रांगेत उभं राहू नका. शियादोतून चालत आलात की त्याच उंचीवर पोहोचता. जवळच बर्त्रांद हे १७३२ पासूनचं पुस्तकांचं दुकान आहे, तिथे जरूर डोकवा.

मंगळवार: अल्फामा, किल्ला, जुना बाजार. मंगळवारी आणि शनिवारी काम्पु द सांता क्लारा इथे फेरा दा लाद्रा हा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. सकाळी तिथे जा. फुटक्या अझुलेजो, म्हणजे चकाकीच्या रंगीत फरशा, जुनी पोस्टकार्डं, पितळी दिवे असं बरंच काही असतं. मग शेजारच्या राष्ट्रीय स्मृतिमंदिरात फादो गायिका आमालिया रोद्रिगेश यांची समाधी बघून किल्ल्याकडे चला. साओ जॉर्ज किल्ला ११४७ मध्ये पोर्तुगालच्या पहिल्या राजाने मूर, म्हणजे मुस्लिम सत्तेकडून जिंकला. त्याच्या तटावरून शहर आणि नदी एका दृष्टिक्षेपात येते. उतरताना पोर्ताश दु सोल आणि सांता लुझिया या सज्ज्यांवर थांबा. सूर्यास्तासाठी मात्र सेन्योरा दु मोंत.

२८ क्रमांकाची पिवळी ट्राम सगळ्यांनाच हवी असते. दुपारी मार्तीं मोनीझच्या थांब्यावर मोठी रांग आणि आत खिसेकापू, अशी स्थिती असते. सकाळी आठच्या आत बसा.

बुधवार: बेलें. हा दिवस सावकाश घालवा, आपल्यासाठी सगळ्यात भरलेला हाच आहे. वास्को द गामाची गलबतं जुलै १४९७ मध्ये इथूनच निघाली आणि पुढच्या मे महिन्यात कोळिकोडला लागली. जेरोनिमोस मठाचं काम १५०१ मध्ये सुरू झालं, मसाल्याच्या व्यापारातला कर त्यात ओतला गेला. खांबांवर दगडात कोरलेले जाड दोर, समुद्री वनस्पती, गोलयंत्रं जवळ जाऊन बघा. चर्चच्या दाराशी एका बाजूला वास्को द गामाची कबर, दुसऱ्या बाजूला महाकवी कामोंइश यांची. कामोंइश कित्येक वर्षं पूर्वेकडे होते, त्यातली काही गोव्यात. वास्को कोचीत वारला, तिथेच पुरला गेला आणि नंतर त्याचे अवशेष इकडे आणले.

तिथून चालत मनोऱ्याकडे. आत जाता आलं नाही तरी बाहेरून एक गोष्ट शोधाच. एका टेहळणी बुरुजाच्या तळाशी, वाऱ्या-लाटांनी झिजलेलं गेंड्याचं मुंडकं आहे. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहाने गोव्याचा गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजावर चढवला आणि मे महिन्यात तो याच काठाला उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला गेंडा. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तेव्हा हत्तीच पळाला. मग पोपला नजराणा म्हणून रोमकडे पाठवताना जहाज बुडालं आणि गेंडाही गेला. जर्मन चित्रकार ड्युररने तो प्रत्यक्ष न पाहता वर्णन आणि कच्च्या रेखाटनावरून काढलेलं चित्र जगभर पसरलं. त्या झिजलेल्या दगडासमोर उभं राहिल्यावर गोवा ते लिस्बन हे अंतर फार जवळचं वाटू लागतं.

नदीकाठचं दर्यावर्दींचं स्मारक १९६० चं, सालाझारच्या हुकूमशाहीतलं. त्यावरच्या मूर्तींत अल्बुकर्क आहे आणि फ्रान्सिस झेवियरही, ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे. स्मारकाचा सूर विजयाचा आहे. ज्यांचे किनारे जिंकले गेले त्यांच्या बाजूने आलेल्या माणसाने ते तसं ओळखूनच बघावं.

गुरुवार: सिंत्रा. रोसियो स्थानकातून लोकलने साधारण चाळीस मिनिटं. पहिल्या तासाची गाडी धरा. पेना राजवाड्याच्या तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. फाटकापासून दारापर्यंत चढ चालायला अर्धा तास लागू शकतो आणि उशीर झाला की तिकीट फुकट जातं. सिंत्रात डोंगरावर धुकं असतं, लिस्बनमध्ये ऊन असलं तरी जाकीट घ्या. दुपारी किंता दा रेगालेइरा आणि तिथली गोल जिन्याची खोल विहीर. दोनच ठिकाणं करा. एका दिवसात चार राजवाडे करणारी माणसं संध्याकाळी गाडीत झोपलेली दिसतात.

शुक्रवार: संग्रहालयं आणि रात्री फादो. एकच निवडायचं झालं तर मी प्राचीन कला संग्रहालय घेईन. वास्को द गामाने पूर्व आफ्रिकेतल्या किल्वाहून खंडणी म्हणून आणलेल्या सोन्यातून १५०६ मध्ये घडवलेलं पूजापात्र तिथे आहे, आणि नाकाडे पोर्तुगीज बंदरात उतरताहेत असं दाखवणारे जपानी पडदेही. अझुलेजो संग्रहालय उघडं असेल तर तिथलं भूकंपाआधीच्या लिस्बनचं सुमारे २३ मीटर लांब फरशीचित्र चुकवू नका. सोमवारी जे शहर गेल्याचं तुम्ही ऐकलंत ते तिथे घराघरासकट दिसतं.

शनिवार: कश्कायश. काइश दु सोद्रे स्थानकातून समुद्राकाठाने जाणारी लोकल घ्या, डावीकडची खिडकी धरा. वाटेत काशियश नावाचं साधं स्थानक लागतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात सालाझारचे राजकीय कैदी ठेवले जायचे. सांगलीचे मोहन रानडे त्यांतले एक. गोवा मुक्तिसंग्रामात ते १९५५ मध्ये पकडले गेले, पुढे पोर्तुगालला नेले गेले आणि गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यावरही कैदेतच राहिले. सुटका झाली ती जानेवारी १९६९ मध्ये. गाडी तिथे जेमतेम अर्धा मिनिट थांबते. कुठलं मार्गदर्शक पुस्तक मराठी वाचकासाठी हे सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे. पुढे कश्कायशला समुद्र, तळलेले मासे आणि निवांत दुपार.

७. खाणं: काय मागायचं, कुठे जपायचं

दुपारचं जेवण मुख्य ठेवा. साध्या खानावळीला ताश्का म्हणतात. दाराशी कागदावर हाताने लिहिलेला ‘प्रातु दु दिया’, म्हणजे आजचं ताट, साधारण दहा-बारा युरोत पोटभर मिळतं. तेच रात्री पर्यटकांच्या रस्त्यावर दुप्पट किमतीला. जेवणाच्या वेळा साडेबारा ते तीन आणि संध्याकाळी साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघरं बंद असतात.

बसल्याबसल्या वेटर पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज अशा बशा न सांगता मांडतो. याला कुव्हेर म्हणतात आणि हे फुकट नसतं. खाल्लंत की बिलात प्रत्येकाची वेगळी ओळ येते. नको असेल तर हात न लावता हसून परत न्यायला सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही. हवं असेल तर खुशाल खा, पाव उत्तम असतो.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. बाकाल्याव म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा, पाण्यात भिजवून खारटपणा काढतात आणि मग शिजवतात. सुक्या बोंबलांवर वाढलेल्या माणसाला पहिल्या घासातच तो आपला वाटतो. सुरुवात ‘बाकाल्याव आ ब्राश’ने करा: बारीक सळ्यांसारखे तळलेले बटाटे, अंडं आणि माशाचे धागे. सार्डिन फक्त उन्हाळ्यातच मागा, एरवी ते गोठवलेले असतात.

गोमांस किंवा डुकराचं मांस चालत नसेल तर हे पाठ करा: बिफाना म्हणजे डुकराच्या मांसाचा पाव, प्रेगू म्हणजे गोमांसाचा. काल्दु व्हेर्द हे पालेभाजी-बटाट्याचं सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात शोरिसो या डुकराच्या सॉसेजची चकती असते. बेकरीच्या काचेमागे तळलेले समोसेही दिसतील. तिथे त्यांना शमुसा म्हणतात आणि आत बहुतेक वेळा खिमा असतो. विचारल्याशिवाय घेऊ नका.

शाकाहारींनी ‘सें कार्न, सें पैश’ (मांस नको, मासे नकोत) एवढं कागदावर लिहून जवळ ठेवा. मार्तीं मोनीझ भागात डाळ-तांदूळ, कोथिंबीर, मिरच्या सगळं मिळतं, त्यामुळे छोट्या स्वयंपाकघराची खोली घेतलीत तर रात्रीचा वरणभात घरीच होतो. लुमियार भागात हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे. तिथल्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण बाहेरच्यांनाही मिळतं. मोझांबिकमार्गे पोर्तुगालला आलेल्या गुजराती कुटुंबांचा या समाजात मोठा वाटा आहे. जाण्याआधी वेळ बघून घ्या.

मिरची, बटाटा, काजू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले, पण त्यांचं स्वतःचं जेवण अगदी सौम्य असतं. लसणाच्या चटणीची छोटी डबी जवळ असू द्या.

गोडात पाश्तेल द नाता, म्हणजे पापुद्र्यांच्या वाटीत भाजलेलं कस्टर्ड. बेलेंमधल्या १८३७ पासूनच्या दुकानात जा. रस्त्यावरची रांग फक्त बांधून नेणाऱ्यांची असते, आत बसायला बरीच दालनं आहेत आणि तिथे जागा लवकर मिळते. वाटी कोमट असते. वर दालचिनीची पूड आणि पिठीसाखर भुरभुरायची. पहिल्या चाव्याला पापुद्रे कुरकुर फुटतात आणि आतलं दाट, कडेला किंचित करपलेलं कस्टर्ड जिभेवर उतरतं. त्यात अंड्याचं पिवळं असतं, अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात घ्या. सोबत बीका, म्हणजे छोटी काळी कॉफी. दुधाची हवी तर गलांव.

८. फादो ऐकताना

फादो हे लिस्बनच्या गरीब वस्त्यांतून आलेलं गाणं. २०११ मध्ये युनेस्कोने त्याला मानवी वारशात स्थान दिलं. एक आवाज, एक साधी गिटार आणि बारा तारांची पोर्तुगीज गिटार, बस. दिवे मंदावले की बोलणं, काटे-चमचे, फोन सगळं थांबवायचं. वेटरही जागीच उभे राहतात. शब्द कळले नाहीत तरी ताण आणि हुंदका पोहोचतो.

बुकिंग करताना जेवणासह दर किती, की किमान खर्चाची अट आहे, हे विचारून घ्या. रस्त्यावर हाताला धरून आत नेणाऱ्या जागा टाळा. दुपारी अल्फामातल्या फादो संग्रहालयात तासभर काढलात तर रात्रीचं गाणं दुप्पट उमजतं. मोरारिया आणि अल्फामात हौशी गायकांच्या छोट्या जागाही आहेत. तिथे गर्दीत उभं राहून, एका पेयाच्या पैशात अप्रतिम गाणं ऐकायला मिळतं.

९. पैसे, वाहतूक, खिसा

विमानतळावरून मेट्रोचा लाल मार्ग थेट शहरात येतो. यंत्रातून प्रत्येकाने स्वतःचं ‘नावेगांत’ कार्ड घ्यायचं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यात थोडे पैसे भरून ठेवले की बस, ट्राम, लोकल सगळीकडे चालतं.

फॉरेक्स कार्ड आणि दीड-दोनशे युरो रोख पुरे. पैसे काढायला ‘मुल्तिबांको’ लिहिलेली बँकांची एटीएम वापरा. पर्यटन भागातल्या खासगी एटीएमचा दर महाग पडतो. यंत्राने किंवा दुकानदाराने ‘रुपयांत की युरोत?’ विचारलं तर नेहमी युरो. रुपये निवडलेत की दराचा भुर्दंड बसतो.

फरसबंदी गुळगुळीत चुनखडी दगडांची आहे आणि पावसात ती अक्षरशः निसरडी होते. रबरी तळव्याचे, वापरून मऊ झालेले बूट घाला. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या. बायशात काही जण जवळ येऊन पुटपुटत अमली पदार्थ दाखवतात. नको म्हणा, थांबू नका. पासपोर्ट हॉटेलात, त्याची प्रत खिशात. तातडीच्या मदतीला ११२.

१०. परतताना

लिस्बनहून थेट शेंगेनबाहेर जाणार असाल तर सुरक्षा तपासणीनंतर पासपोर्टची वेगळी रांग असते आणि दुकानांच्या मोहात पडलेली माणसं तिथे अडकतात. आधी ती रांग पार करा, मग दुकानं. विमानाच्या तीन तास आधी पोहोचा. खरेदीवरच्या करपरतीचा कागद दुकानातून घेतला असेल तर बॅग चेक-इन करण्याआधी तो यंत्रावर मंजूर करून घ्या, कारण तपासनीसाला वस्तू बघायची असू शकते. फ्रँकफर्टमार्गे परतत असाल तर हे काम युरोपातल्या त्या शेवटच्या विमानतळावर होतं, तेव्हा त्या वस्तू हातातल्या बॅगेत ठेवा. सार्डिनचे रंगीत डबे मात्र चेक-इनच्या बॅगेत. त्यांतलं तेल हातातल्या बॅगेच्या तपासणीत अडवलं जाऊ शकतं.